नितळ पाणी सुरक्षित असतेच असे नाही
सोसायट्यांतील जलतरण तलाव आणि पाण्याचे रसायनशास्त्र

हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून वाढलेल्या वाकडमध्ये जलतरण तलाव ही आता अपूर्वाईची बाब राहिलेली नाही. गृहसंकुलाच्या माहितीपत्रकात क्लब हाऊसच्या जोडीला तलाव असतोच. परीक्षा संपल्या की सकाळ-संध्याकाळ तेथे मुलांची झुंबड उडते. मात्र, या पाण्याची निगा बहुतेक ठिकाणी एखाद्या कंत्राटी कामगाराच्या अंदाजावर सोडलेली असते. पाणी निळेशार दिसले की सारे आलबेल, असा समज त्यामागे असतो. तो पुरेसा नाही.

पाण्यात क्लोरिन मिसळले की त्याचे दोन प्रकारांत रूपांतर होते. एक हायपोक्लोरस आम्ल, दुसरा हायपोक्लोराइट. जंतू मारण्याचे काम प्रामुख्याने पहिला प्रकार करतो. दुसरा फार मंद असतो. या दोहोंचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजेच पीएचवर ठरते. सामू ७.२ असेल तर सुमारे दोन तृतीयांश क्लोरिन प्रभावी रूपात असते. तोच ८ वर गेला तर जेमतेम चतुर्थांश उरते. क्लोरिन तेवढेच, खर्च तेवढाच, पण संरक्षण निम्म्याहून कमी! म्हणून सामू ७.२ ते ७.८ या मर्यादेत आणि मुक्त क्लोरिन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम ठेवावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. भारतीय मानक संस्थेनेही तलावाच्या पाण्यासाठी आयएस ३३२८ हे स्वतंत्र मानक केले आहे.

वासाचा गैरसमज

तलावाजवळ उग्र वास आला, डोळे चुरचुरले की ‘आज क्लोरिन जास्त झाले’ असे म्हटले जाते. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. घाम, लघवी आणि अंगावरील तेलाशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. वास आणि चुरचुर त्यांचीच असते. अशा वेळी मुक्त क्लोरिन कमी पडलेले असते. तलाव रात्री बंद ठेवून, संयुक्त क्लोरिनच्या सुमारे दहापट मात्रा देणे हा त्यावरील उपाय. तलावात उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ करणे हा त्याहून स्वस्त उपाय होय.

चाचणी संचांबाबतही सावधगिरी हवी. थेंब टाकल्यावर पिवळा रंग देणारा स्वस्त संच एकूण क्लोरिन दाखवतो. त्यात निरुपयोगी क्लोरामाइनही मोजले जातात. गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी मुक्त क्लोरिन वेगळे मोजते. तलाव सुरू असताना ही चाचणी दिवसातून किमान दोनदा व्हावी आणि तिची नोंद सूचनाफलकावर लागावी.

हिशेब किती?

१५ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात १ लाख ८ हजार लिटर पाणी मावते. त्यातील क्लोरिन लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढवायचे तर १०८ ग्रॅम शुद्ध क्लोरिन लागते. म्हणजे ९० टक्के क्षमतेची ‘टीसीसीए’ पावडर १२० ग्रॅम, किंवा ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सुमारे ३२७ ग्रॅम. ब्लीचिंग पावडरचे पोते उघडे राहिले की तिची शक्ती उतरते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ‘दोन मग टाका’ हा हिशेब नव्हे.

टीसीसीएसोबत सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. उन्हात क्लोरिन उडून जाऊ नये म्हणून लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅमपर्यंत ते उपयोगी असते. परंतु ते सहजी नष्ट होत नाही, साठत जाते. रोज लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरिन या मार्गाने दिले तर महिन्याभरात सुमारे ३६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल वाढते. प्रमाण फार वाढले की क्लोरिन असूनही मंदावते आणि शेवाळ धरते. मग पाणी बदलण्यावाचून इलाज उरत नाही. पूर्ण तलाव बदलायचा तर दहा हजार लिटरचे अकरा टँकर लागतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झालेल्या या शहरात ही चैन परवडणारी नाही. शिवाय टँकर आणि बोअरवेलचे पाणी बहुधा कठीण असते. सामू चढला की त्यातील चुना फरशीवर आणि फिल्टरमध्ये बसतो. म्हणून क्षारता व कठीणपणाही आठवड्याला तपासावा.

सर्वांत मोठा धोका साठवणीचा

ऑक्टोबर २०२३ मध्ये याच शहरात, कासारवाडी येथील महापालिकेच्या तलावावर क्लोरिन वायूची गळती झाली आणि सुमारे वीस जणांना त्रास झाला. सोसायट्यांत वायूची टाकी नसते, पण धोका टळत नाही. ब्लीचिंग पावडरचा आम्लाशी संपर्क आला की तोच विषारी वायू बाहेर पडतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास पेट घेऊ शकतात. म्हणून प्रत्येक रसायनाचा डबा आणि माप वेगळे असावे, खोली कोरडी व हवेशीर असावी. रसायन पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. ते हाताळणाऱ्या कामगाराला हातमोजे, चष्मा आणि प्रशिक्षण देणे ही कार्यकारिणीची जबाबदारी आहे.

क्लोरिनलाही मर्यादा आहेत. बहुतेक जिवाणू त्यात मिनिटभरात मरतात. पण क्रिप्टोस्पोरिडियम हा अतिसाराचा परजीवी दहा दिवसही तग धरू शकतो. जुलाब होत असलेल्या मुलाला तलावापासून दूर ठेवणे, हाच त्यावरील खरा उपाय. ते काम रसायनाचे नाही, पालकांचे आहे.