छप्पर पाख्यावर मोजा, जमिनीवर नाही

होळी झाली की गटात दोन कर्जांची मागणी हमखास येते. एक लग्नाचं, दुसरं छपराचं. लग्नाच्या खर्चाला अंत नसतो हे सगळ्यांना माहीत, म्हणून त्यावर चर्चा तरी होते. छपराला मात्र “पत्रे घालायचेत, ३० हजार द्या” एवढ्यावर सह्या होतात. मग मे महिन्यात कौलं उतरतात, खालचे वासे वाळवीनं पोखरलेले निघतात, पैसे तिथंच संपतात आणि मृग आठ दिवसांवर आलेला असतो. डोक्यावर छप्पर नसलेली बाई सावकाराशी व्याजाची घासाघीस करू शकत नाही. म्हणून आज आपण कर्ज मागण्याआधीचा हिशेब करू या. वही आणि मोजपट्टी घेऊन बसा.

आपल्या भिवंडी तालुक्यात असतं तसं एक घर धरू. लांबी २४ फूट, रुंदी १८ फूट, मधे आढं आणि दोन बाजूंना उतरते पाखे. घराची जागा झाली ४३२ चौरस फूट. बहुतेक जणी इथंच चुकतात, कारण छप्पर घराएवढं नसतं. पाखा तिरका असतो आणि भिंतीच्या बाहेर वळचणही येते. पट्टी आढ्यापासून पाख्यावरून थेट पागोळ्या पडतात तिथपर्यंत धरायची. समजा ती ११॥ फूट भरली, तर १२ धरा. पागोळी जोत्यापासून जितकी लांब पडेल तितकी भिंत कोरडी राहते. लांबीलाही दोन्हीकडे एकेक फूट बाहेर काढा, म्हणजे २६. आता १२ गुणिले २६, आणि असे दोन पाखे: ६२४ चौरस फूट. जागेच्या जवळजवळ दीडपट.

रंगीत पत्रा दिसायला साडेतीन फूट रुंद असला, तरी शेजारच्या पत्र्यावर चढवल्यावर तो साधारण सव्वातीन फूटच झाकतो. दुकानदाराला विचारताना ‘झाकणारी रुंदी’ विचारा. २६ फुटांना एका पाख्याला ८ पत्रे, दोन्ही मिळून १६. प्रत्येक १२ फुटी, म्हणजे एकूण १९२ फूट पत्रा. भाव सारखा बदलतो, म्हणून हिशेबापुरता फुटाला १३० रुपये धरू. झाले २४,९६० रुपये. बिलात १८ टक्के जीएसटी वेगळा लागला, तर आणखी ४,४९३. म्हणजे २९,४५३. ते ३० हजार इथंच संपले, आणि अजून एकही पत्रा वर चढलेला नाही!

भाव विचारताना जाडीही विचारा, नाहीतर दोन दुकानांची तुलना करता येत नाही. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २६ गेजचा पत्रा २४ गेजपेक्षा पातळ असतो. त्यापेक्षा मिलिमीटरमध्ये विचारलेलं बरं, आणि तोच आकडा बिलावर लिहून घ्या.

आता पत्र्याखालचा सांगाडा. छपराचा हिशेब बुडतो तो इथं. जुने वासे ठेवायचे की लोखंडी पाइप घालायचे, हे कौलं उतरवण्याआधी ठरवा. शिडी लावून प्रत्येक वाशाच्या टोकात, विशेषतः तो भिंतीवर टेकतो तिथं, स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. सहज आत गेला तर तो वासा गेला म्हणून समजा. ऐन-सागाचे वासे पुष्कळदा आपल्यापेक्षा ठणठणीत निघतात. त्यांना उगाच भंगारात काढू नका.

लोखंड घालायचं असेल तर पत्र्याला आधार देणारे आडवे पाइप चार फुटांपेक्षा लांब ठेवू नयेत. १२ फुटांच्या पाख्याला अशा ४ ओळी, दोन्ही पाख्यांना ८. प्रत्येक ओळ २६ फूट, म्हणजे २०८ फूट. पाइप २० फुटी मिळतो, तेव्हा निदान ११ नग. उभे आधार वेगळे. पाइप किलोवर घ्यायचा असेल तर वजन आपल्यासमोर करून घ्या.

याशिवाय आढ्यावरची टोपी, वायसर लावलेले स्क्रू (आपल्या घराला अडीचशेच्या आसपास), भिंतीचा माथा सारखा करायला सिमेंट-रेती, टेम्पोभाडं, आणि कामगारांचा चहा-नाश्ता. हसू नका, चार माणसं चार दिवस असली की तोही आकडा होतो. स्क्रूवर मात्र काटकसर नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं रायगडात हजारो घरांची छपरं उडवली. वारा वळचणीखाली शिरतो आणि पत्रा कडेनं उचलतो. म्हणून कडेच्या ओळींना स्क्रू जवळजवळ मारायला सांगा.

जुन्या छपराचेही पैसे होतात. धड मंगलोरी कौलं मोजून ठेवा. त्यांना गिऱ्हाईक मिळतं, नाहीतर गोठ्यावर चढवता येतात. खरं सांगायचं तर सांगाडा चांगला असेल आणि कौलंच फुटली असतील, तर पत्र्याचा नाद सोडून शाकारणीच करावी असं आम्हाला वाटतं. एक चौरस मीटर झाकायला साधारण १५ कौलं लागतात, आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली भाकरी थापून बघितली की फरक कळतो. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते फोडू नका. त्यात अस्बेस्टॉस असतं, धूळ फुप्फुसात जाते. पाणी मारून ओले करा, अख्खेच उतरवा, पोरांना लांब ठेवा. तालुक्यात गोदामांवरून उतरवलेले पत्रे स्वस्तात मिळाले, तर प्रत्येक जुनं भोक बुजवण्याचा खर्च त्यात धरा.

सगळी बेरीज झाली की वर शंभराला १५ धरून ठेवा. ही रक्कम गटाकडेच राहू द्या, लागली तर उचला.

कर्ज मागण्याआधी दोन कागद बघा. घरकुलाच्या ड यादीत आपलं नाव आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. प्रधानमंत्री आवास योजना नव्या पक्क्या घरासाठी आहे, नुसत्या छपरासाठी नाही. नंबर जवळ आला असेल तर आज मोठं कर्ज काढून घातलेलं छप्पर वर्षात उतरवावं लागेल. मग यंदा ताडपत्री आणि डागडुजीवर भागवा. दुसरा कागद म्हणजे घराचा नमुना ८ चा उतारा. छपराचं कर्ज बाईच्या नावावर आणि घर एकट्या नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या, असं घरोघरी आहे. पतीच्या नावावरच्या घराला पत्नीचंही नाव लावता येतं, त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज करायचा. कर्जाची बोलणी चालू असतानाच हा विषय घरात काढावा, तेव्हा तो ऐकला जातो.

मिस्त्रीला सगळे पैसे एकदम देऊ नका. थोडे काम सुरू होताना, थोडे सांगाडा उभा राहिल्यावर, थोडे पत्रे चढल्यावर. शेवटचे दोन-तीन हजार पाण्याची नळी घेऊन आढ्यावर अर्धा तास पाणी सोडल्यावर, घरात बसून वर बघितल्यावर.