गिटार पेडलचे अंतरंग – भाग ६ : एकाच आराखड्याचे दोन आवाज

गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारे ‘फझ फेस’ हे पेडल लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणले आणि जिमी हेंड्रिक्सने ते जगभर पोहोचवले. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट आणि नऊ व्होल्टची बॅटरी, बस, एवढेच. सुटे भाग इतके थोडे असल्याने घरी पेडल बनवणारे अनेक जण यापासूनच सुरुवात करतात आणि लवकरच गोंधळतात. एकाच आराखड्यावरून, त्याच मूल्यांचे भाग लावून बनवलेल्या दोन डब्यांपैकी एकातला सूर भरदार आणि लांबवर टिकणारा निघतो, तर दुसऱ्यातला गुरगुरत मधेच तुटतो. जोडण्या पुन्हा तपासल्या, सोल्डरचे डाग नव्याने दिले, तरी फरक जात नाही.

याचे मूळ बहुतेक वेळा ट्रान्झिस्टरमध्ये सापडते. आराखड्यात रेझिस्टरपुढे ३३ किलो-ओहम असे स्पष्ट मूल्य असते. ट्रान्झिस्टरपुढे मात्र नुसते नाव, उदाहरणार्थ एसी १२८. त्याच नावाच्या दोन नगांचे वर्धन, म्हणजे बेसमधल्या प्रवाहाच्या किती पट प्रवाह कलेक्टरमधून वाहतो तो आकडा, सारखे असेलच असे नाही. आपल्याकडे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा बीसी ५४७ हा सिलिकॉन ट्रान्झिस्टर घेतला, तरी उत्पादकांच्या माहितीपत्रकात त्याचे वर्धन ११० ते ८०० असे दिलेले असते. ए, बी, सी हे गट पाहून घेतले तरी एका गटातच दुपटीचा फरक राहतो. साठच्या दशकातले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तर याहून बेभरवशाचे.

अनेक सर्किटांमध्ये हा फरक झाकला जातो. फझ फेसमध्ये तो थेट आवाजात उतरतो, आणि तो कसा हे आकडे मांडले की दिसते. (मूळ जर्मेनियम सर्किटात बॅटरीची धन बाजू जमिनीला असते; पुढे चिन्हे सोडून केवळ मूल्ये घेतली आहेत.) दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट असले, की लहर दोन्ही बाजूंनी सारखी हलू शकते. त्यासाठी ८.२ किलो-ओहम आणि ४७० ओहम या दोन रेझिस्टरमधून मिळून सुमारे अर्धा मिलिअँपिअर प्रवाह वाहावा लागतो. तेवढ्याने एमिटरच्या एक किलो-ओहमच्या पॉटवर अर्धा व्होल्ट पडतो आणि तिथून १०० किलो-ओहममधून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला साडेतीन मायक्रोअँपिअरच्या आसपास प्रवाह मिळतो. पहिल्याचे वर्धन ७० असेल तर हिशेब जुळतो. त्याच जागी १४० वर्धनाचा नग बसवला, की बेसला निम्माच प्रवाह पुरतो. एमिटरचा व्होल्टेज उतरतो, दुसऱ्या ट्रान्झिस्टरमधला प्रवाह घटतो आणि कलेक्टर सहा व्होल्टच्या वर सरकतो. आता लहरीची एक बाजू आधीच छाटली जाते. आराखडा तोच, पण कानाला दुसरेच पेडल ऐकू येते.

जर्मेनियममध्ये याच्या जोडीला गळती असते. बेसला काहीही न देता कलेक्टरमधून वाहणारा हा प्रवाह एखाद्या नगात ०.१ ते ०.३ मिलिअँपिअरही भरतो, आणि पहिल्या ट्रान्झिस्टरला सगळा मिळून प्रवाहच पाव मिलिअँपिअर लागतो! शिवाय तापमान १० अंशांनी वाढले की गळती ढोबळमानाने दुप्पट होते. वीस अंशांच्या खोलीत जुळवलेले पेडल चाळीस अंशांच्या उघड्या मंचावर चौपट गळतीशी झगडते. सकाळी गोड वाजलेला डबा दुपारी थुंकल्यासारखा तुटक वाजू लागतो, तो यामुळे. साध्या मल्टिमीटरचा वर्धन मोजणारा सॉकेटही इथे फसवतो, कारण तो गळती वर्धनातच धरतो. म्हणून जाणकार आधी बेस मोकळा ठेवून गळती मोजतात, मग ठरावीक प्रवाह देऊन वाचन घेतात आणि त्यातून गळती वजा करतात. पहिल्या जागी ७०–८०, दुसऱ्या जागी ११०–१३० अशी जोडी सर्वसाधारणपणे चांगली मानली जाते. तशी जोडी हाताशी नसेल तर ८.२ किलो-ओहमच्या जागी ट्रिमर लावून साडेचार व्होल्ट साधता येतात.

बाकी भागांचा दोष त्यामानाने किरकोळ. रेझिस्टर कार्बनचा की मेटल फिल्मचा, यावर जितका वाद घातला जातो तितका फरक त्यात नाही. पॉटची मूल्ये वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असतात, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचीही. पण त्याने आवाजाचा स्वभाव पालटत नाही. वाचण्यातली चूक मात्र पालटवते. बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या कपॅसिटरवर १०३ असा आकडा हवा, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड. पाचशे किलो-ओहमच्या पॉटसह तो साधारण ३२ हर्ट्झच्या खालचे स्वर गाळतो, म्हणजे गिटारला धक्का लागत नाही. चुकून १०२ लागला तर हीच सीमा ३२० हर्ट्झजवळ जाते आणि ८२ हर्ट्झची जाडी तार पोकळ वाजते.

डब्याबाहेरच्या गोष्टीही मोजाव्या लागतात. या पेडलचा इनपुट रोध इतका कमी आहे की गिटारचा पिकअप आणि त्याचा व्हॉल्यूम पॉट हे जणू सर्किटचेच भाग होतात. त्यामुळे गिटार बदलली की फझ बदलतो, आणि मधे बफर असलेले दुसरे पेडल आले की तो कर्कश होतो. उतरलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. ताज्या बॅटरीच्या तुलनेत आवाज दबतो, आणि कित्येकांना तो तसाच आवडतो.

याउलट ‘ट्यूब स्क्रीमर’सारख्या ऑप-अँपवर चालणाऱ्या पेडलमध्ये वर्धन रेझिस्टरांच्या गुणोत्तराने ठरते, चिपच्या अंगभूत गुणावर नाही. त्याच्या दोन घरगुती प्रती म्हणूनच बऱ्याच सारख्या वाजतात. तिथे चिप बदलून आवाज सुधारल्याचे सांगितले जाते तेव्हा दोन्ही प्रती मीटरवर सारख्या पातळीला आणून, कोणती कुठली हे न पाहता ऐकाव्यात. थोडासा मोठा आवाजही कानाला अधिक चांगला वाटतो.