टाचेतील थेंबभर रक्ताचे मोल

बेंगळुरूमध्ये 1980 मध्ये आनुवंशिक चयापचय विकारांसाठी नवजात बालकांच्या चाचणीचा देशातील पहिला मोठा प्रयोग सुरू झाला आणि त्यात लाखाहून अधिक बालकांचे रक्त तपासले गेले.

चयापचय म्हणजे अन्नाचे ऊर्जेत व शरीराच्या घटकांत रूपांतर करणाऱ्या रासायनिक क्रियांची साखळी. तिच्यातील एखादे विकर, म्हणजे क्रियेला गती देणारे प्रथिन, जन्मतः सदोष असेल, तर काही द्रव्ये साचून विषासारखी ठरतात. फिनाइलकीटोन्युरियात फिनाइलअ‍ॅलॅनिन हे अमिनो आम्ल रक्तात साचते व उपचाराअभावी मेंदूची वाढ खुंटते. वेळीच विशेष आहार सुरू केल्यास मात्र हे नुकसान बहुतांशी टळते. बाळ जन्मतः निरोगी दिसत असल्याने चाचणीवाचून हा दोष कळत नाही.

आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला अशा विकाराची शक्यता 25 टक्के असते, आणि मामा-भाची किंवा आते-मामेभावंडांच्या विवाहांत दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो.

चाचणीसाठी जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब गाळणकागदावर घेतले जातात. गोव्याने 2008 मध्ये अशी राज्यव्यापी तपासणी सुरू केली. प्रत्येक पालकाने प्रसूतिगृह सोडण्यापूर्वी या चाचणीची चौकशी अवश्य करावी.