उपनगरातला घोडा: घरचे ठाण की दुसऱ्याची पागा

घोडा घरी बांधावा की पैसे भरून दुसऱ्याच्या पागेत ठेवावा, हा प्रश्न इतर ठिकाणी खर्चाचा असतो. मुंबईच्या उपनगरांत तो आधी जागेचा असतो. पूर्ण वाढलेल्या घोड्याला वळता, आडवे होता आणि पुन्हा उठता येईल अशी खोली साधारण १२ फूट लांब आणि तेवढीच रुंद लागते, म्हणजे १४४ चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला मिळणारे घर ३०० चौरस फुटांचे असते. घोड्याची खोली, वैरणीची कोठी, खोगीर-लगाम ठेवायची जागा आणि शेणाचा खड्डा एवढे धरले की ते ३०० चौरस फूट संपतात. पाय मोकळे करायला त्याला अंगण मिळालेले नसते ते वेगळेच.

गोरेगाव-जोगेश्वरीचे म्हशींचे जुने तबेले पाहून अनेकांची इथे गफलत होते. म्हैस दावणीला रवंथ करीत दिवस काढते. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे पोट शरीराच्या मानाने लहान असते आणि मोकळ्या कुरणात तो दिवसाचे चौदा-सोळा तास चालत चालत थोडे थोडे खात असतो. असा प्राणी चोवीस तास ठाणावर बांधला की लाकूड कुरतडणे, वारा गिळणे, जागच्या जागी डुलत राहणे अशा खोडी लागतात. लोक त्यांना स्वभाव म्हणतात, पण बहुतेक वेळा त्या कोंडल्यामुळे आणि एकटेपणामुळे आलेल्या असतात. घोडा कळपातला प्राणी आहे. एकटा घोडा पाळणे म्हणजे त्याला कायम पहाऱ्यावर ठेवणे, म्हणून जाणते पागावाले जोडीला दुसरे तट्टू किंवा निदान एखादी शेळी ठेवतात. घरी घोडा ठेवायचा हिशोब त्यामुळे प्रामाणिकपणे केला तर तो दीड-दोन जनावरांचा निघतो.

खाण्याचा हिशोब वजनावरून मांडावा. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडा आहार लागतो. ४०० किलोच्या घोड्याला हे ६ ते १० किलो होतात. त्यातला मोठा वाटा वाळलेल्या गवताचा आणि लसूणघासाचा असावा. हरभरा, ओट, जव, गव्हाचा कोंडा ही चंदी जेवढे काम तेवढीच द्यायची असते. रोज आठ किलो वैरण धरली तर महिन्याला २४० किलो आणि वर्षाला जवळजवळ तीन टन होतात. वैरणीचा भाव सुगीनंतर उतरतो आणि पावसाळ्यात चढतो. स्वस्त असताना भरून ठेवायची तर चार महिने ती ओलीपासून सांभाळणारी कोठी हवी. बुरशी धरलेले गवत म्हशीपेक्षा घोड्याला जास्त बाधते. त्यातून खोकला लागतो आणि पोटशूळ उठतो. पाणी रोज २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक, आणि अंघोळीचे वेगळे. नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या वस्तीत एवढ्यासाठी स्वतंत्र टाकी लागते.

जे आत जाते ते बाहेरही येते. रोजची लीद १५ ते २० किलो, शिवाय लघवीने भिजलेला पेंढा किंवा भुसा. महिन्याला हा ढीग अर्ध्या टनाच्या वर जातो. घरगुती कचऱ्याच्या गाडीत तो मावत नाही. तो उचलून नेणारा रोपवाटिकावाला किंवा शेतकरी सापडला नाही, तर माश्या आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी एकाच आठवड्यात सुरू होतात.

या सगळ्यापेक्षा मोठा खर्च माणसाचा. मोतद्दार पहाटे उठून चंदी देतो, ठाण साफ करतो, खरारा करतो, खूर उचलून माती-खडे काढतो, घोडा फिरवून आणतो, आणि रात्री एकदा नजर टाकतो. सणासुदीलाही हे काम थांबत नाही, म्हणून एक माणूस ठेवला तरी त्याच्या रजेच्या दिवसांसाठी दुसरा लागतो. पागेत एक मोतद्दार दोन-तीन घोडे पाहतो आणि त्याचा पगार तेवढ्या मालकांत वाटला जातो. घरी तो पूर्ण एकाच घोड्यावर बसतो. नालबंदाचेही तसेच. दर चार ते सहा आठवड्यांनी खूर तासून नाल बदलावे लागतात. दहा घोड्यांच्या पागेत नालबंद एका फेरीत काम उरकतो. मुलुंडच्या एकाच घोड्यासाठी यायचे तर त्याचा दिवस मोडतो, आणि मोबदला तो दिवसाचाच मागतो.

वैद्यकीय मदतीत पैशापेक्षा वेळ महत्त्वाचा. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेले वर येऊ शकत नाही, त्यामुळे साधा वाटणारा पोटशूळ काही तासांत जिवावर बेततो. शहरातल्या जुन्या संस्था परळला आहेत: १८८३ साली उभे राहिलेले बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. बोरिवली-मुलुंडहून वेदनेने लोळणारा घोडा वाहनात चढवून संध्याकाळच्या गर्दीतून परळला नेणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको. घोड्यांची नाडी जाणणारा पशुवैद्य तासाभरात ठाणाशी येऊ शकेल का, हे घोडा घरी आणण्याआधी ठरवलेले असावे.

पाऊस हा या भागातला सर्वांत कठोर मुद्दा. सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पावसाची नोंद होते. २६ जुलै २००५ रोजी तिथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि उपनगरांतल्या तबेल्यांत बांधलेली जनावरे दाव्याला अडकून मोठ्या संख्येने मेली. सखल भागात ठाण करणाऱ्याने ही तारीख विसरू नये. ओलीत खुराचा तळवा कुजतो आणि पाठीवर खपल्या धरतात. दमट उकाड्यात काही घोड्यांचा, विशेषतः थरोब्रेडांचा, घाम यायचाच थांबतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडेनाशी होते. शर्यतीच्या धंद्याने यावर आपला मार्ग काढला आहे. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा मुंबईचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होऊन एप्रिलच्या आसपास संपतो आणि पावसाळ्यात शर्यती पुण्यात होतात. ज्यांच्याकडे उत्तम तबेले आणि डॉक्टर आहेत, तेही जुलैत घोडे घाटावर नेतात.

म्हशींच्या तबेल्याशेजारी घोडा बांधण्यात आणखी एक धोका आहे, तो सुर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगाचा. म्हशीच्या अंगात तो पुष्कळदा लक्षणे न दाखवता राहतो आणि चावणाऱ्या मोठ्या गोमाश्या तो घोड्यापर्यंत नेतात. घोड्याला ताप येतो, तो खंगतो, पायांवर सूज चढते, आणि उपचार झाला नाही तर बहुधा मरतो. उपनगरात तबेल्याचा एखादा कोपरा भाड्याने सहज मिळतो म्हणून तो स्वस्त वाटतो. घोड्यासाठी तो सर्वांत वाईट कोपरा आहे. बोरिवली आणि मुलुंड संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहेत. तिथे शिंगरू किंवा लहान तट्टू ठेवायचे तर बिबट्याचा विचार करून रात्री बंद होणारे भक्कम दारही हिशोबात धरावे लागते.

कायद्याची बाजू अनेकांना उशिरा कळते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ प्रमाणे विक्रीसाठी, भाड्याने देण्यासाठी किंवा मोबदला घेऊन घोडे ठेवायला पालिका आयुक्तांचा परवाना लागतो. व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या प्रकरणात हेच कलम पुढे आले. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मौजेच्या फेरीसाठी घोडागाड्या चालवणे बेकायदा ठरवले आणि त्या बंद करायला एक वर्षाची मुदत दिली. त्यांच्या तबेल्यांना परवाने नव्हते, हाही मुद्दा त्या निकालात होता. वरातीला घोडी देणाऱ्यालाही परवाना हवा आणि दुसऱ्यांचे घोडे सांभाळणाऱ्या पागेलाही. म्हणून पागा निवडताना मालकाने पहिला प्रश्न परवान्याचाच विचारावा.

वरातीचा व्यवसाय करणारी कुटुंबे घोडी वस्तीतच बांधतात, कारण पागेचे मासिक शुल्क त्यांच्या कमाईत बसत नाही. त्यांचे गणित चातुर्मासात मोडते. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने जवळजवळ थांबतात आणि नेमकी त्याच काळात वैरण महाग असते. घोडीची चंदी तोडली जाते ती याच महिन्यांत. क्रौर्यापेक्षा कर्ज आणि भूक हेच त्यामागचे कारण असते. हे ओळखून पावसाळ्यापुरती वैरण सवलतीने देण्याची सोय झाली, तर दंडापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

अनेक घोडे एका छताखाली सांभाळायची रीत मुंबईला जुनी आहे. १८७४ साली सुरू झालेल्या ट्रामच्या कंपनीकडे सुमारे ९०० घोडे होते आणि १९०५ पर्यंत ट्राम तेच ओढत. आज हौशी स्वारासाठी शहरातले मुख्य ठिकाण महालक्ष्मीचे रेसकोर्स. १९४२ साली स्थापन झालेला अमॅच्युअर रायडर्स क्लब तिथेच आहे. बोरिवलीहून धीम्या लोकलने तिथे पोहोचायला तासाभराच्या आत-बाहेर लागतो. घाटकोपर-मुलुंडकरांना दादरला गाडी बदलावी लागते. घोडे पहाटे फिरवले जात असल्याने हा प्रवास काळोखात सुरू होतो. जागेची चणचण तिथेही आहे. २०२४ साली झालेल्या व्यवस्थेनुसार रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर टर्फ क्लबकडे अशी वाटणी ठरली. दुसरा पर्याय कर्जत किंवा तळेगावच्या बाजूच्या पागांचा. तिथे मोकळे कुरण मिळते, पण मालकाची गाठ फक्त शनिवार-रविवारी पडते.

पूर्ण सांभाळाच्या पागेत, ज्याला लिव्हरी म्हणतात, ठरावीक रकमेत ठाण, वैरण आणि मोतद्दार येतात. नाल, लस, जंताचे औषध, दात तासणे आणि डॉक्टर बहुधा वेगळे लागतात. घरच्या खर्चाशी तुलना करताना या गोष्टी दोन्हीकडे धराव्यात. घरच्या बाजूला जागेचे भाडे आणि मालकाचे स्वतःचे तासही मांडावेत. ते वगळल्यामुळेच घरचा घोडा कागदावर स्वस्त दिसतो. उपनगरातल्या जमिनीचा भाव धरला की बहुतेकांसाठी पागाच स्वस्त पडते, आणि घोड्यालाही तीच मानवते.

पागेचे दोष आहेतच. अनेक घोडे एकत्र असले की रोगही एकत्र येतात. त्यांतला ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो आणि २००९ च्या केंद्रीय कायद्याखाली तो कळवणे बंधनकारक आहे. बाधित घोडा ठार करावा लागतो. नवा घोडा आत घेण्यापूर्वी रक्ततपासणी होते का, त्याला काही दिवस वेगळे ठेवतात का, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. न सांगता पहाटे जाऊन पाण्याच्या बादल्या, ठाणाची ओल आणि घोड्यांच्या फासळ्या पाहाव्यात. तिथल्या घोड्यांचे खूर बघितले तरी पागेची कळा समजते.

घरी घोडा सुखात राहतो ती घरे वेगळी असतात. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे दरवर्षी माउलींच्या वारीसाठी आळंदीला जातात. तिथे वाडा, शेत आणि पिढ्यांची सवय आहे. माथेरानमध्ये घोडा हे नित्याचे वाहन असल्याने नालबंद, वैरणवाला आणि जाणते हात गावातच असतात. अंधेरी-घाटकोपरच्या बंगल्यात यातले काहीच आयते नसते.

घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. शर्यतीतून निवृत्त झालेला सहा-सात वर्षांचा थरोब्रेड स्वस्तात मिळतो, पण पुढची वीस वर्षे त्याचा खर्च चालू राहतो आणि त्यातली शेवटची काही वर्षे त्याच्यावर स्वारी करता येत नाही. त्या काळासाठी शहरातल्या ठाणाऐवजी घाटावरचे साधे कुरण ठरवून ठेवावे. पागेशी करार लेखी असावा. मालक फोनवर सापडला नाही तर पोटशूळाची शस्त्रक्रिया करायची की नाही, किती खर्चापर्यंत करायची, आणि वेदनामुक्त मरण देण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हे त्यात नावानिशी लिहिलेले असावे.