जुन्या संहितेची छाटणी

१९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर चालणाऱ्या आपल्या संगणकासाठी एक छोटी कार्यप्रणाली लिहावयास घेतली. तीच पुढे लिनक्स या नावाने प्रसिद्धी पावली. तिची मूळ संहिता सर्वांस खुली असल्याने ती अनेक देशांतील हातांनी वाढली. डिसेंबर २०१२ मध्ये मात्र याच ३८६ साठी लिहिलेला भाग तिच्यातून काढून टाकण्यात आला. ज्या यंत्रावर जन्म झाला त्यालाच घराबाहेर काढणे कोणास कृतघ्नपणाचे वाटेल.

अडचण खरी होती. अनेक प्रोसेसर एकाच स्मृतीत लिहू लागले, की एकाची नोंद दुसऱ्याकडून नकळत पुसली जाण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी एक खास आज्ञा लागते: स्मृतीतील मूल्य अपेक्षेप्रमाणे असेल तरच ते बदलावयाचे, आणि या दोन क्रियांच्या मध्ये कोणासही शिरू द्यावयाचे नाही. १९८९ च्या ४८६ मध्ये ही आज्ञा होती. ३८६ मध्ये नव्हती. शिवाय केवळ वाचनासाठी राखलेल्या स्मृतीच्या पानावर प्रणालीचा गाभाच लिहू लागला, तर ३८६ त्यास अडवीत नसे. या उणिवांसाठी योजलेल्या पळवाटा जेमतेम काहीशे ओळींच्या; पण गाभ्यात सुधारणा करताना दर वेळी त्या सांभाळाव्या लागत. इकडे इंटेलने ३८६ चे उत्पादन २००७ मध्येच थांबविले होते. बदल सुचविणारे इंगो मोल्नर यांनी टोरवाल्ड्स यांच्या जुन्या यंत्राविषयी थट्टेने हळहळ व्यक्त केली. टोरवाल्ड्स यांना मात्र काहीच वाईट वाटले नाही.

तथापि केवळ वयावरून निवाडा होतो असे नाही. मोटोरोलाच्या ६८००० कुळातील प्रोसेसर ३८६ हूनही जुने. परंतु त्यांच्यासाठीची संहिता जपणारे स्वयंसेवक असल्याने ती लिनक्समध्ये टिकून राहिली. याउलट २००१ मध्ये बाजारात आलेल्या इटॅनियमचा भाग २०२१ मध्ये कोणी वाली नसलेला ठरला आणि जानेवारी २०२४ च्या ६.७ या आवृत्तीतून गेला.

काढलेली संहिता नष्ट होत नाही. जुन्या आवृत्त्या कोणासही मिळू शकतात. मात्र सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या त्यांत आपोआप येत नाहीत, आणि जाळ्याला जोडलेल्या यंत्राच्या बाबतीत ही उणीव गंभीर होय. एप्रिल २०२५ मध्ये मोल्नर यांनी ४८६ साठीचा भागही काढण्याचा प्रस्ताव मांडला.