लाल रंगाचा जमाखर्च

2025 च्या एप्रिलात युरोपचा ‘बायोमास’ आणि जुलैत श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ असे दोन उपग्रह अंतराळात गेले, आणि पर्णराजी भेदून खोडाफांद्यांतील कर्बाचा अदमास घेणाऱ्या त्यांच्या दीर्घ रेडिओलहरींचे वर्णन वास्कोतील माझ्या खिडकीशी बसून वाचताना मला आनंदाहून विषादच अधिक झाला; कारण ज्या डोंगरांचे हे वजन व्हावयाचे, त्यांतील कित्येक बार्जांत भरून याच खिडकीसमोरून बंदरात आलेले आणि तेथून चीनला रवाना झालेले मी पाहिले आहेत.

आरंभीच्या वर्षांविषयी सांगण्यासारखे थोडेच. 1987 साली भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल अमेरिकी लँडसॅटच्या चित्रांवरून निघाला, पुढे आपले आयआरएस उपग्रह आले, दर दोन वर्षांनी तक्ते छापले जाऊ लागले आणि दफ्तरांत धूळ खाऊ लागले.

खरा हिशेब 2003 ते 2012 या दशकाचा. लोहखनिजाला भाव चढला होता, आणि दिचोली तालुक्याच्या उतारांवर आम्ही टेप घेऊन किंदळाच्या झाडांची मोजणी करीत होतो: छातीच्या उंचीला, 1.37 मीटरवर घेर, त्यावरून घनफळ, घनफळावरून लाकडाचे शुष्क वजन, आणि त्या वजनाच्या सुमारे निम्मा कर्ब. संध्याकाळी टेप गुंडाळताना तांबड्या धुळीने त्यावरचे आकडे दिसेनासे झालेले असत. उपग्रहचित्राला ही दगदग नाही. पाने अवरक्त किरण परतवितात, म्हणून त्यात रान लाल उमटते. मग जुनाट किंदळही लाल आणि त्याच्या जागी लावलेला दहा वर्षांचा काजूही लाल. शिवाय एका हेक्टरावर दहा टक्के छत्र असले की, जमीन कोणाचीही असो, काजूची बागायतही वनाच्छादनातच धरावी, असा सर्वेक्षणाचा दंडक. खाणीचा खड्डा चित्रात फिका दिसे, तो कोणी नाकारीत नसे; वाद होता तो खड्ड्याच्या काठाकाठाने विरळ होत चाललेल्या रानाचा. एका बैठकीत एका साहेबांनी (नाव कशाला, आता निवृत्तीवेतन घेत असतील) माझ्या टिपणवहीवरच नकाशा पसरला आणि म्हणाले, “लाल आहे ना? मग रान आहे.” मी गप्प बसलो.

2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणी थांबविल्या. पुढची वर्षे दावे-फेरदाव्यांत गेली, त्यांचे पाल्हाळ नको. दरम्यान पेडण्यात मोपाच्या सड्यावरची झाडे पडली आणि 2023 च्या जानेवारीपासून तेथे विमाने उतरू लागली.

परवा दिचोलीच्या त्याच उतारावर पुन्हा गेलो. आमच्या किंदळांच्या जागी खाणीचा डंप उभा आहे आणि त्यावर ओळीने लावलेले अकेशिया झपाट्याने वाढले आहेत. घरी येऊन त्या जागेचे नवे चित्र पाहिले: लाल, आणि पूर्वीपेक्षा ठसठशीत.