मुदत टळलेले देणे आणि नादारीचे कोर्ट



देणे कधी मरत नाही, असे आपली जुनी माणसे सांगतात. कायदाही बहुतेक तेच म्हणतो. देणे उरते, पण ठरलेली मुदत टळली की कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाही. आपली काही मुले आता अमेरिकेत नोकरीला आहेत, म्हणून तिथला एक निकाल सांगतो.

तिथे पगारदार माणूस कर्जात बुडाला तर नादारीच्या कायद्याच्या तेराव्या प्रकरणाखाली अर्ज करतो. तीन ते पाच वर्षांच्या हप्त्यांची योजना ठरते. कोर्टाकडचा ट्रस्टी हप्ते गोळा करून धनकोंना वाटतो. प्रत्येक धनको आपला मागणीअर्ज देतो. त्यावर कोणी हरकत घेतली नाही, तर तो मंजूर धरला जातो. खरी मेख इथेच आहे.

अलाबामा राज्यातील एका बाईंनी २०१४ साली असा अर्ज केला. जुनी कर्जे विकत घेणाऱ्या मिडलँड फंडिंग कंपनीने १,८७९ डॉलर ७१ सेंटची मागणी लावली. शेवटचा व्यवहार मे २००३ चा, आणि तिथली मुदत सहा वर्षांची! बाईंनी हरकत घेतली, मागणी फेटाळली गेली. मग त्यांनी कंपनीवरच फसवणुकीची फिर्याद केली. मे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध तीन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तारीख अर्जावरच दिसते, तपासायला ट्रस्टी आहे, तेव्हा ही फसवणूक नव्हे, असे बहुमताचे म्हणणे. ट्रस्टींवर कामाचा बोजा फार, कोणाच्या लक्षात येणार नाही याच भरवशावर असे अर्ज येतात, असे विरोधी न्यायमूर्तींचे म्हणणे.

आपल्याकडे १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या हातउसन्या रकमेला तीन वर्षे मिळतात. मुदतीबाहेरचा दावा प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने फेटाळायचा असतो. मात्र मुदत संपण्याआधी लेखी कबुलीवर सही केली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. (सोसायटीच्या वसुलीची रीत वेगळी आहे, हे ध्यानात ठेवावे.)

तात्पर्य एवढेच की, कर्जाचा कागद आला तर आधी तारीख बघा, जाणत्याकडून वाचून घ्या आणि मगच सही करा. घेतलेले देणे फेडावे हे खरेच, पण आंधळेपणाने अंगठा उठवू नये.